सुक्याचा भाव

"हातमोजे सोन्याच्या भावाने विकले जातायत, मग आपलं रबर कोणी फुकटसुद्धा का नेत नाही?"

भिंगरीने हे विचारलं आणि व्हरांड्यातली सगळी ताटं एकदम थांबली. आईचा डाव भातावर तसाच राहिला. काकूने घास तोंडाशी नेला होता, तो तिथेच थबकला.

खरं सांगायचं तर प्रश्न तिचा नव्हताच. शाळा बंद पडल्यापासून मैत्रिणींचा अड्डा फोनवर भरायचा. औषधाच्या दुकानवाल्याच्या मुलीने, म्हणजे गोळीने, सकाळी तिथे लिहिलं होतं की वडिलांनी हातमोज्यांची पेटी कुलपात ठेवलीय. त्यावर टायरवाल्याच्या मुलीने, म्हणजे पंक्चरने, लिहिलं की आमच्याकडे तर टायर बदलायला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. मग दोघींनी मिळून भिंगरीला धरलं. तुम्ही रबरवाले ना? मग सांग, रबर महाग की स्वस्त? भिंगरीने डोकं खाजवणारं चित्र पाठवलं. "विचार घरी," गोळी म्हणाली, "सगळ्यांसमोर, जेवताना. हिंमत असेल तर." आता भिंगरीची हिंमत काढायची म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याला काठी लावायची. या वर्षी तिला सोळावं लागलं होतं आणि आपल्याला मोठ्यांशी बोलता येतं हा शोध तिला नुकताच लागला होता. नवीन सायकल मिळालेला माणूस कोपऱ्यावरच्या दुकानातही सायकलनेच जातो, तसं तिचं चाललं होतं.

पण आज विचारायचा दिवस चुकला होता, किंवा अगदी बरोबर होता. दुसऱ्या चुलीवरचे काका-काकू आज मुद्दाम इकडच्या व्हरांड्यात जेवायला आले होते. मागच्या हिवाळ्यात स्वयंपाक वेगळे झाले, त्यानंतर पहिल्यांदाच. कारण अंगणापलीकडे, रबर धुरावर वाळवायच्या धूरघराच्या सावलीत, लाकूडवाला येऊन बसला होता. त्याच्याजवळ लाल रंगाचा डबा होता आणि एक ब्रश. जेवणं झाली की आजोबा मान हलवणार, आणि मग तो वरच्या आणि खालच्या दोन्ही उतारांवरच्या रबराच्या एकेका झाडावर लाल फुली मारत जाणार. फुली मारलेलं झाड पुढच्या महिन्यात आडवं होणार. बाग संपणार.

"हिला कोणी शिकवलं हे?" काकांनी विचारलं. ते व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, पायऱ्यांजवळ एकटेच स्टुलावर ताट घेऊन बसले होते. नुकतेच शहरात जाऊन आले होते, म्हणून काकूने त्यांना सगळ्यांपासून लांब टाकलं होतं. घास खाल्ला की ते मास्क वर ओढायचे, पुढचा घास घेताना खाली. बोलताना मास्क हमखास वरच असायचा.

"काय म्हणतोय तो?" आजोबांनी विचारलं. आजोबांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि उजव्या कानाने त्यांना हवं तेवढंच यायचं.

"विचारतायत, हिला कोणी शिकवलं!" आई ओरडून म्हणाली.

"शाळेने. नाही तर कोणी?" आजोबा म्हणाले आणि जेवायला लागले.

"प्रश्न चुकीचा नाही," बाबा म्हणाले. ते बोलतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. काकांसमोर ते सहसा ताटाकडे बघून बोलायचे. "दादा, मी पण हेच म्हणत होतो. रबराच्या शीटा विकल्या जात नाहीत हे खरं. गाड्याच रस्त्यावर नाहीत, टायर कोण घेणार? धूरघर छतापर्यंत भरलंय. पण चीक तर हवा आहे ना लोकांना. मोजे चिकाचे होतात."

"मोज्यांचं मला सांगू नकोस, धाकट्या." काकांनी मास्क वर ओढला. "चिकाचा भाव म्हणजे नुसती हूल आहे. कागदावर दुप्पट, हातात काहीच नाही."

"तुम्हाला काय माहीत?" भिंगरी म्हणाली.

"भिंगरे!" आई म्हणाली.

"नाही म्हणजे, मी साधं विचारतेय. आपण चीक कधी विकलाच नाही. आपण तर नेहमी शीटाच करतो."

काकांनी ताटातला भात उगाच कालवला. आणि काकूने घाईने पाण्याचा तांब्या उचलून सगळ्यांच्या पेल्यात पाणी ओतलं, भरलेल्या पेल्यांतसुद्धा. भिंगरीने ते पाहिलं. ही अशी पाहणारी नजर तिला अलीकडेच आली होती आणि ती कुठे वळवायची हे तिला अजून कळत नव्हतं.

"वहिनी?" बाबा म्हणाले.

"मला काय विचारता, भाऊजी? त्यांना विचारा."

"दादा?"

"विकला," काका म्हणाले. "एकदा. मोज्यांच्या कारखान्याचा माणूस रस्त्यावर टेम्पो घेऊन आला होता. मला भाव सांगितला, ऐकून माझी झोप उडाली. म्हटलं, तुम्हाला आधी सांगायचं नाही, एकदम पैसे आणून ठेवायचे समोर. त्याने औषध टाकलेले डबे दिले, चीक गोठू नये म्हणून. मी शेडमधल्या टाकीतून डबे भरले आणि नेऊन दिले."

"कधी?" आईने विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"तुम्ही सगळे वर होतात तेव्हा. चार डबे. त्याने माल तपासला आणि माझ्या तोंडावर म्हणाला, काका, यात पाणी आहे." काकांनी 'पाणी' हा शब्द असा उच्चारला की जणू कोणी त्यांच्या अंगावर तो फेकला होता. "चार माणसांसमोर. मी! या बागेतला माणूस! मला भेसळवाला ठरवलं! आणि जे हातावर टेकवलं ते सांगायचीसुद्धा लाज वाटते. त्याच दिवशी मी ठरवलं, पुरे झालं. लाकूड निदान खोटं बोलत नाही. जेवढं आहे तेवढं दिसतं."

असं होतं तर. म्हणून महिनाभर काकांचा एकच घोष होता, तोडा आणि मोकळे व्हा. भिंगरीला वाटलं होतं, काका बागेवर चिडलेत. ते तर अपमान गिळून बसले होते.

बाबा काही बोलणार तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "पाणी होतंच त्यात."

"काय?"

"भाऊजी, पाणी मीच घातलं होतं. नेहमीच घालते. टाकीत चीक आला की जेवढा चीक तेवढं पाणी. मग गोठवायला ॲसिड. पाण्याशिवाय शीट जमतच नाही, जाड आणि खडबडीत होते. मला काय माहीत, तुम्ही त्यातून डबे भरणार आहात?"

काका आईकडे बघत राहिले. स्वतः त्यांनीही उभं आयुष्य त्या टाकीत पाणी घातलं होतं. शेडमध्ये शिरलं की हात आपोआप नळाकडे जायचा. इतका आपोआप, की पाणी घालणं म्हणजे पाणी घालणं आहे हे या घरात कोणाच्या लक्षातच उरलं नव्हतं. शीट रोलरमधून निघाली की पाणी निघून जायचं, म्हणून ते कधी कोणाला दिसलंच नाही.

आणि अचानक काकू हसायला लागली. आधी पदराआड, मग उघड. "अहो, म्हणजे तो बिचारा खरंच बोलत होता! आणि तुम्ही घरी येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलात!" आईने काकूकडे पाहिलं, ओठ दाबले, आणि मग तिलाही आवरेना. मागच्या हिवाळ्यापासून एकमेकींशी फक्त कामापुरतं बोलणाऱ्या त्या दोघी भाताच्या पातेल्यावर वाकून हसत होत्या. बाबांनी भिंगरीकडे असं पाहिलं की हे तू काय सुरू करून ठेवलंस.

"हसा," काका म्हणाले. "पण पाणी धरलं तरी अर्धं झालं असतं. मला त्याने अर्धंही दिलं नाही. सहावा हिस्सा दिला! कारण विचारलं, तर म्हणाला, हा शुक्राचा भाव आहे."

"कसला?" बाबा म्हणाले.

"शुक्राचा! मास्क लावून बोलत होता, पण मला नीट ऐकू आलं. मी डबे दिले सोमवारी. म्हणजे शुक्रवारी भाव चढा होता, तीन दिवसांत धडाम्. हा असला धंदा? वारावारी भाव? शुक्रवारी राजा आणि सोमवारी भिकारी?"

"मग आपण शुक्रवारी विकू," भिंगरी म्हणाली. तिला ते अगदी सोपं वाटलं.

"आणि गुरुवारी काय, चीक झाडाला परत पाठवू?"

"पण शुक्रवारीच का चढेल?" बाबा गोंधळले. "सुट्टीच्या आधी लोक जास्त मोजे घालतात की काय?"

"तेच म्हणतोय मी! काही अर्थच नाही त्याला!"

"काय म्हणतोय तो?" आजोबांनी पुन्हा विचारलं. या वेळी त्यांनी उजवा कान पुढे केला होता.

काका मास्कमधून ओरडले, "अप्पा! तो म्हणाला, शु-क्रा-चा भाव आहे!"

"सुक्याचा," आजोबा मान हलवत म्हणाले. "मग बरोबर आहे."

"सुक्याचा नाही हो, शुक्राचा!"

"अरे हो, सुक्याचाच तर असतो. चीक ओला विकतात, पण पैसे सुक्याचे. किलोभर चिकात रबर केवढं? तिसरा हिस्सा. बाकी झाडाचं पाणी. माझ्या वडिलांच्या वेळी पलीकडच्या खोऱ्यात चीकच विकायचे, त्याला सुक्याचा भाव म्हणायचे. त्यात ओरडण्यासारखं काय आहे?"

भिंगरी मनातल्या मनात मांडायला लागली. किलोभर चिकात तिसरा हिस्सा सुकं. त्यात आईने तेवढंच पाणी घातलं, म्हणजे तिसऱ्याचं निम्मं. सहावा. बरोबर सहावा हिस्सा! त्या माणसाने एक पैसा मारला नव्हता.

"आजोबांना चुकीचं ऐकू आलं आणि तेच बरोबर निघालं!" ती टाळी वाजवून ओरडली. "काका, तो सुक्याचाच म्हणाला असणार! मास्कमधून!"

काकांनी आपला मास्क खाली ओढला, जणू सगळा दोष त्या कापडाचा होता. मग परत वर केला. त्यांचा चेहरा बघून भिंगरीचं हसू विरघळलं. आपण चुकलो हे कळलेल्या मोठ्या माणसाचा चेहरा तिने एवढ्या जवळून कधी पाहिला नव्हता, आणि जवळूनही कुठे, चांगल्या पंधरा पावलांवरून.

"म्हणजे," बाबा उठून उभे राहिले, उष्ट्या हातानेच, "म्हणजे भाव खरंच चढलाय! सुक्याचा दुप्पट! पाणी नाही, ॲसिड नाही, रोलर नाही, धूर नाही. नुसता स्वच्छ चीक, ऊन चढायच्या आत रस्त्यावर. दादा, आपण झाडं कशाला तोडतोय?"

नेमका तेव्हाच आत्याचा फोन आला. ती मोठ्या इस्पितळात नर्स होती आणि रोज दुपारी, तिची पाळी संपली की, करायची. बाबांनी फोन कट्ट्यावर ठेवून आवाज मोठा केला आणि तिला 'कशी आहेस' विचारायच्या आधीच म्हणाले, "अगं, मोज्यांचा भाव अजून चढतोय म्हणे!"

पलीकडून ट्रॉली खडखडत गेल्याचा आवाज आला.

"हो," आत्या म्हणाली. "आम्हाला आता एका पाळीला एकच जोडी मिळते. काल माझा अंगठ्याजवळ फाटला. चिकटपट्टी लावली." ती थकून, सपाट आवाजात बोलत होती, कोणावर रागवायचंही त्राण नसल्यासारखी. "भाव कधी उतरेल, काही ऐकलंयत का तुम्ही लोकांनी?"

बाबा फोनकडे बघत उभे राहिले. त्यांच्या हातावरचा भात वाळत चालला होता.

आईने पुढे होऊन आत्याला काय काय झालं ते सांगितलं. पाणी, सुकं, लाकूडवाला. आत्या शुक्रवारच्या गोष्टीवर थोडीशी हसली. मग म्हणाली, "माझं मत हवंय का? झाडं ठेवा नाही तर तोडा, अप्पा म्हणतील ते मला चालेल. ठेवलीत तर बरं, कोणीतरी मोजे तर करेल त्याचे. फक्त भाव चढला की आनंदाने मला फोन करू नका. तेवढं करा."

फोन ठेवल्यावर भिंगरीच्या डोक्यात नुसता गुंता झाला. भाव चढला की बाग राहते. भाव चढतो कारण मोजे पुरत नाहीत. मोजे पुरत नाहीत म्हणून आत्या फाटक्याला चिकटपट्टी लावते. मग आता आपण काय व्हावं म्हणायचं? चढू दे की उतरू दे? तिने सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. मोठी माणसं असले गुंते मनात आधीच सोडवून बसलेली असतात असं तिला आजवर वाटायचं. तिथे तर कोणीच काही सोडवलेलं दिसत नव्हतं.

"आणि रोग गेला की?" काकांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. "मोजे पडतील. टायर उठतील. की उठणार नाहीत? आपण पुन्हा शीटा करायच्या? मला भीती वाटते, धाकट्या. मला त्यातलं काहीच दिसत नाही."

"मलाही नाही दिसत," बाबा म्हणाले.

"आणि चीक काढणार कोण?" ही काकू. हसून झालं होतं आणि ती पुन्हा काकांच्या बाजूने बोलायला लागली होती. "झाडांची साल कापून चीक काढणारी जोडी रस्ते बंद व्हायच्या आधी आपल्या गावी गेली. शीटांपुरतं तुम्ही दोघं भाऊ कसंबसं उरकता. चिकासाठी रोज माणूस लागेल, सकाळी एका दमात. भाऊजींचा खांदा वर जात नाही, यांना उतारावर धाप लागते. मोठ्या बाता मारायला काय जातंय?"

"मी जाईन," आई म्हणाली.

"आणि चीक गोळा करून रस्त्यापर्यंत कोण नेणार? तोही तूच?"

"तो तू नेशील," आई म्हणाली, आणि काकूने चक्क खांदे उडवले. म्हणजे बघू.

लाकूडवाला एव्हाना उठून अंगणात आला होता. "मालक, ठरलं का? मला पलीकडच्या बागेतही जायचंय. सगळेच बोलावतायत सध्या."

सगळ्यांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी हात धुतले, सावकाश पुसले आणि पायऱ्या उतरून उतारांकडे बघत उभे राहिले. वरच्या उतारावरची झाडं त्यांनीच तरुणपणी लावलेली होती. दोन्ही बाजूंची साल कापून कापून आता तिच्यात काही उरलं नव्हतं, वाटीत जेमतेम चार थेंब पडायचे. खालच्या उतारावरची बाबा आणि काकांनी मिळून लावलेली, ऐन भरात होती.

"वरची घेऊन जा," आजोबा म्हणाले. "खालची नाही."

"पण मालक, बोलणं तर सगळ्या..."

"मला कमी ऐकू येतं," आजोबा म्हणाले.

लाकूडवाला पुटपुटत वरच्या उताराकडे निघाला. काका स्टुलावरून उठले आणि त्याच्या मागोमाग चालायला लागले. कुठली झाडं वरची आणि कुठली खालची, तिथेही कोणाला चुकीचं ऐकू यायला नको, म्हणून. पायऱ्या उतरताना ते आईसमोर थांबले, अंतर राखून. "उद्या टाकीत पाणी घालू नकोस," एवढंच म्हणाले.

"हात बांधून ठेवते," आई म्हणाली.

ऊन कलल्यावर आई-बाबा शेडमध्ये टाकी घासत होते. शीटांच्या ॲसिडचा थोडाही वास राहिला तर चीक फाटतो, म्हणून. भिंगरी त्यांना शोधत वरच्या उतारावरून खाली आली, तेव्हा तिच्या हातात साल कापायची वाकडी सुरी होती.

"ती आधी खाली ठेव," आई म्हणाली. "बोटं जातील."

"मी ठरवलंय," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज ठरवलं होतं त्यापेक्षा जरा मोठाच निघाला. "खालच्या उतारावरच्या निम्म्या झाडांची साल मी कापणार. निम्म्यांची आई. शाळा फोनवर आहे, ती नऊला सुरू होते. तोवर आमचं आटोपतं."

"अगं, तुला येतं का?" बाबा म्हणाले. "साल कागदाएवढी पातळ निघायला हवी. जरा खोल गेलीस की झाडाला जखम. ती कायमची. त्या जागेवर पुन्हा नीट साल धरत नाही."

"माहीत आहे. म्हणून मी वर गेले होते."

आई-बाबांनी एकमेकांकडे पाहिलं.

"लाल फुली मारलेली झाडं महिनाभर उभी आहेत ना? ती जाणारच आहेत. मी त्यांच्यावर शिकणार आहे. खोल गेलं, वाकडं गेलं, काहीही झालं तरी त्यांना आता त्याचा त्रास नाही. आजपासूनच सुरू केलंय. तीन झाडं बिघडवली, चौथ्यावर थोडं बरं निघालं." ती बोलता बोलता थांबली. तिला पुढचं म्हणायचं होतं आणि ते कसं म्हणावं हे कळत नव्हतं. मग तिने म्हणूनच टाकलं. "आजोबा तिथेच उभे होते. मला वाटलं, रागावतील. त्यांची झाडं. ते म्हणाले, मनगट सैल सोड."

बाबांनी टाकीतला ब्रश खाली ठेवला.

"आणि भाव चढो की उतरो, ते मला विचारू नका," भिंगरी म्हणाली, "मला नाही कळत काय म्हणायचं ते. पण महिनाभरात मी खाली उतरणार आहे. तुम्ही नको म्हणालात तरी. फक्त उद्या सकाळी मला उठव, आई. मला अजून आपलं आपण उठता येत नाही."